धुऱ्यावरून आलेला पाहुणा

लग्नाच्या पंगतीत किंवा मोटार स्टँडवर कुणाला कळलं, की मी गुरांचा डॉक्टर होतो, तर हमखास दोन प्रश्न येतात. म्हैस पान्हा चोरते, काय करावं? आणि कुठल्या जातीचा कुत्रा सगळ्यात घातक? पहिल्याचं उत्तर मी देतो, कारण ते मला येतं. दुसऱ्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबतच नाही. विचारणाऱ्याच्या खिशात ते आधीच तयार असतं. आपण फक्त मान हलवायची असते. मान हलवली नाही, तर माणूस नाराज होतो आणि जिलबीकडे वळतो.

यंदा या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काही लिहा म्हणून गळ घातली. गुरांच्या बुळकांडीच्या साथीवर लिहिलं तर दिवाळीच्या दिवसांत कोण वाचणार? तेव्हा त्या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर एकदाचं सविस्तर देऊन टाकतो. इथे मध्येच उठून जायला जिलबी नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून यायचे, औषधं त्यांच्यामागून रमतगमत यायची. माझी उमेदीची वर्षं गेली अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत. लोक आम्हांला तोंडावर डॉक्टरसाहेब आणि पाठीमागे ढोरडॉक्टर म्हणत. त्याचा राग कधी आला नाही. ढोरावरच घर चालणाऱ्या मुलखात ढोरडॉक्टर ही काही लहान पदवी नव्हे. दवाखान्यात दहातले नऊ रोगी बैल. फऱ्या, घटसर्प, खुरकत, मोडलेलं शिंग, जुवाने सोललेला खांदा. कुत्री फार थोडी, तीही साहेबांची नाहीतर वकिलांची. शेतकऱ्याचा कुत्रा आजारी पडला तर तो आपला आपण बरा व्हायचा किंवा मरायचा. त्याला सायकलला बांधून दवाखान्यात आणलं असतं, तर गाव हसलं असतं.

बैलाच्या बाबतीत मी जात मानतो. उमरड्याचा खांदा वेगळा, गौळाऊची चाल वेगळी. बाजारात डोळे झाकून पाठीवरून हात फिरवला तरी कळतं. मग कुत्र्यांनाच स्वभावाची जात नसते असं म्हणण्याचा शहाणपणा मी करणार नाही. असते. पण ती घातक की नाही, हे एवढ्यावरून कळत नाही. अकोल्यात एका जिनिंग फॅक्टरीच्या गोऱ्या मॅनेजरकडे बुलडॉग होता. त्याचं थोबाड पाहून टांगेवाले घोडा पलीकडच्या बाजूला घ्यायचे. त्याचे कान साफ करायला मी गेलो, तेव्हा तो माझ्या मांडीवर मान टाकून घोरत होता. त्याच गल्लीत एका वकीलबाईंची पांढरी झिपरी कुत्री होती, आकाराने आपल्या उशीएवढी. माझ्या डाव्या अंगठ्यावर आजही जी खूण आहे, ती तिची. नंतर मनगटावर आली, तीही तिचीच. वकीलबाई दर वेळी म्हणायच्या, "अगंबाई, ही तर कधीच चावत नाही हो!" बुलडॉगबद्दल नगरपालिकेत तक्रारी गेल्या होत्या. झिपरीबद्दल तक्रार कोण करणार? मर्दमाणसाला लाज वाटते.

हे झालं हसण्यासारखं. अकोल्यातलीच दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. एका बड्या बंगल्यात अल्सेशियन होता. उमदं जनावर, पण दिवसरात्र जिन्याखाली हातभर साखळीला बांधलेलं. त्याला भाकर टाकायचा तो दौलत नावाचा चौकीदार. एका दुपारी कुत्र्याने त्याच दौलतच्या पोटरीचा लचका तोडला. निरोप आल्याबरोबर मी सायकल काढली. फाटकात शिरलो, तर बंदुकीचा वास. मालकांनी कुत्र्याला गोळी घातली होती, आणि तीही डोक्यात.

यात काय बिघडलं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. कुत्रा चावला की पहिला प्रश्न एकच, तो पिसाळलेला आहे का. ते ओळखायचा त्या काळी सोपा मार्ग म्हणजे कुत्र्याला मारायचं नाही. बांधून ठेवायचं आणि दहा दिवस बघायचं. पिसाळलेला असेल तर तो तेवढ्यात मरतोच. जगला, नीट खाल्लं-प्यायलं, तर चावलेल्या माणसाला भीती नाही. कुत्रा आधीच मेला, तर त्याचं डोकं बर्फात घालून तपासायला पाठवता येतं. पण डोक्याचाच चुरा झाला तर पाठवणार काय? मग माणसाला सरकारी दवाखान्यात रोज पोटात सुया घेण्याशिवाय गत्यंतर नाही. दौलतने त्या घेतल्या. पोट घट्ट धरून वाकत वाकत तो माझ्या दवाखान्यावरून जायचा आणि रोज विचारायचा, "साहेब, कुत्रं पिसायलं होतं का जी?" मला ठाऊक नव्हतं. कुणालाच कधी कळणार नव्हतं. मालक मात्र क्लबात सांगत फिरले, की अल्सेशियनची जातच दगाबाज. मला त्या माणसाचा तेव्हा संताप आला होता, आणि आज लिहितानाही तो उतरलेला नाही.

तर एवढी शिदोरी घेऊन मी अमरावतीला बदलून आलो. आता मुख्य गोष्ट.

भातकुलीच्या रस्त्यावर गावाबाहेर सुपाजी माळ्याचा मळा होता. वांगी, कोबी, मेथी, शेवंती, आणि कडेला संत्र्याची थोडी झाडं. सुपाजी कमी बोलणारा माणूस. बैलाला औषध पाजताना त्याची ओळख झाली. त्याची मुलगी मंजुळा त्याच्या वाटचंही बोलायची. तिचं लग्न जमत आलं होतं, अंजनगाव सुर्जीच्या भगवंतराव नावाच्या बागाईतदाराच्या मुलाशी. घर चांगलं, मुलगा शांत. मुलगी बघून झाली होती. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती.

आणि एका सकाळी हे भगवंतराव लंगडत माझ्या दवाखान्यात आले. डोक्याला पागोटं, पायात घाईने घेतलेल्या कोऱ्या करकरीत वाहणा, आणि मांडीच्या मागच्या बाजूला हळद-तिखटाचा लेप. कुत्र्याच्या चाव्यात तिखट भरायचं, ही आमच्याकडची रीत. विष त्याने जळतं म्हणे. जळतो तो माणूस.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "तुमी सरकारी मानूस. एक कागद लिहून द्या मले. बंजारी कुत्र्याची नस्ल घातक असते, त्याले मारनंच पाह्यजे, असं."

"कुणाचा कुत्रा?"

"माह्या होनाऱ्या इवायाचा. सुपाजीचा. काल सांजेले मी रस्त्यानं चाललो होतो, सरळ. थ्या कुत्र्यानं रस्त्यावर येऊन मांगून धरलं. भुंकलं नाई, काई नाई."

मी आधी त्यांचा तो लेप धुवायला लावला आणि सरकारी दवाखान्यात पाठवायला निघालो. ते जागचे हलेनात. कागद पाहिजेच. "कुत्रं मेल्याबिगर सुपारी फुटनार नाई. ज्या घरी असं जनावर, थ्या घरी मी पोराले जावई म्हनून कसा धाडू?"

एवढ्यात आमचा कंपाउंडर गुलाबराव बाहेर आला. रोग्यांचे मालक कडुलिंबाखाली बसलेच होते. मग काय विचारता. गुलाबराव म्हणाला, बंजारी कुत्रं तांड्यावर ठीक, घरात नाही. करीमभाई टांगेवाले म्हणाले, "अरे जनाब, बंजारी कुत्ता इमानदार रहता. दगाबाज तो विलायती." एका कास्तकाराने दोघांनाही खोडून काढलं, की घातक म्हणजे गावठीच, कारण त्याला मालकच नसतो. प्रत्येकाला कुठला ना कुठला कुत्रा चावलेला होता आणि ज्याला जो चावला, त्याला ती जात वाईट. भगवंतराव मध्ये बसून सगळ्यांना एकच सांगत होते, "मले धुऱ्यावर नाई, रस्त्यावर चावलं." धुरा म्हणजे शेताचा बांध. धुऱ्याचं नाव कुणी काढलंच नव्हतं. ते माझ्या कानात राहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मी कागद दिला नाही. म्हणालो, "कुत्रा मारला तर तुमच्या पोटात सुया. जगवला तर दहा दिवसांनी तुम्ही मोकळे. तुमच्या जिवासाठी त्याला जगवा." सुयांचं नाव काढताच त्यांनी पोटावर हात ठेवला. मग ठरलं, की दहा दिवस कुत्रा बांधलेला राहील, मी पाहीन, आणि शेवटच्या दिवशी ते स्वतः मळ्यात येतील. त्यानंतर मात्र कुत्र्याला गोळी, नाहीतर सोयरिकीला रामराम. तोवर त्यांचा मुक्काम भातकुलीच्या बहिणीकडे. घरच्या बायांनी त्यांना सात विहिरींत डोकवायलाही सांगितलं होतं. कुत्रा चावला की सात विहिरींत वाकून पाण्यात आपलं तोंड पाहायचं, म्हणजे विष उतरतं, हाही आमच्या भागातला समज. या सात विहिरींपायी वेळ घालवून माणसं मेलेली मी पाहिली आहेत. आयुष्यभर मी या समजाविरुद्ध घसा कोरडा केला.

दुपारी मळ्यात गेलो. कुत्र्याचं नाव जमादार. उंच, पोट आत ओढलेलं, रंग राखाडी-काळा, कानांवर नि पायांवर झुपके. तांडा जाताना मंजुळाने ते पिल्लू मागून घेतलं होतं. दावणीला बांधलेला तो उठला, माझे जोडे हुंगले, शेपूट हलवली. डोळे स्वच्छ, लाळ नाही, पाणी प्यायला, भाकर खाल्ली. मला पिसाळल्याचं एकही लक्षण दिसेना.

"कावून चावला असंल गं हा?" मी मंजुळाला विचारलं. आमच्याकडे माळ्याच्या पोरीशी छापील मराठी बोललं तर ती हसते.

ती हसली नाही. "मले काय मालूम जी," म्हणाली आणि मोटेकडे पाहत राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते. सुपाजी तर बैलांच्या मागून पुढे आलाच नाही. मला वाटलं, लग्न मोडायची भीती आहे, म्हणून गप्प आहेत. ते खरं होतं, पण अर्धंच.

दर एक-दोन दिवसांनी जात राहिलो. जमादार ठणठणीत. घरातली माणसं मात्र वाळत चालली. सुपाजीची बायको मला चहा देताना म्हणाली, "साहेब, सुई देऊनच मारता येते का जी? गोयी नोका घालू. पोरगी पाहू शकनार नाई." म्हणजे त्यांनी मनाने निकाल लावून टाकला होता. मुलीच्या संसारासाठी कुत्रा जाणार होता, आणि मी ज्याला दर खेपेला तपासून निरोगी म्हणत होतो, त्यालाच माझ्या हाताने मारायचं होतं. नोकरीत बरीच जनावरं मारावी लागली. पायमोडकी, सडलेली, तडफडणारी. धडधाकट जनावर मारण्याची पाळी आली, की जेवण गोड लागत नाही.

एके दिवशी येताना सायकल पंक्चर झाली. ऊन मरणाचं. सायकल ढकलत रस्त्याने वळसा घालण्यापेक्षा ती बाभळीला टेकवली आणि धुरा ओलांडून संत्र्यांतून सरळ विहिरीकडे निघालो. गोठ्याजवळ जमादार बांधलेला. दर खेपेला माझे जोडे हुंगणारं ते जनावर उठून उभं राहिलं. भुंकलं नाही. मान खाली, पाठीवरचे केस ताठ, ओठ मागे. दावं ताणून त्याने अशी उडी घेतली, की खुंटा हलला. मी जागच्या जागी थिजलो. शेपूट हलवणारा कुत्रा आज पिसाळला की काय, हाच विचार आला, आणि दौलतचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहिला.

"मांगं व्हा, साहेब!" मंजुळा मोटेकडून ओरडली. "मांगं व्हा, आन् रस्त्यानं या!"

मी मागे सरलो. सायकल घेतली, पूर्ण वळसा घालून फाटकातून आत आलो. जमादारने माझे जोडे हुंगले आणि शेपूट हलवली.

मी तिच्याकडे पाहिलं. आता ती खाली पाहत होती.

"पिल्लू होता तवापासून शिकवलं जी त्याले," ती हळू बोलली. "दिवसभर गिऱ्हाईक रस्त्यानं येते. शेवंतीवाल्या बाया येते, लेकरं येते. त्यायले चावून कसं चालंन? पन चोर येते थो धुऱ्यावरून. म्हनून रोज सांजेले धुऱ्याधुऱ्यानं फिरवला. रस्त्यानं आला थो पाव्हना, धुऱ्यावरून आला थो चोर. माह्या काकाचं धोतर फाडलं यानं एक डाव. आमच्या बाबालेबी सोडत नाई."

आता सगळं लख्ख झालं. बंजाऱ्यांच्या तळावर पिढ्यान्‌पिढ्या या कुत्र्यांनी हेच केलेलं. वाटेने आलेल्याला वाट द्यायची, झुडपातून आलेल्याला न भुंकता धरायचं. मुलीने त्याला नवं काही शिकवलं नव्हतं, फक्त हद्द दाखवली होती.

"म्हणजे भगवंतराव रस्त्यावर नव्हते."

ती गोठ्यात गेली आणि कडब्यामागून एक वस्तू काढून आणली. पुरुषाच्या पायातली जुनी चामड्याची वाहण. एकच, उजव्या पायातली. टाचेपाशी दातांची खूण.

"विहिरीपाशी सापडली. थ्याच सांजेले."

सोयरीक करताना मुलीकडचं शेत पाहायचं असतं. फाटकातून गेलं तर चहा मिळतो, पाट मिळतो, आणि विहिरीला भरपूर पाणी असल्याचं ऐकायला मिळतं. पाणी खरंच किती आहे ते बघायचं, तर कुणाला न कळवता कडेकडेने जाऊन वाकून बघावं लागतं. मुलाचा बाप ही चौकशी करतोच. करत नाही त्याला लोक भोळा म्हणतात. फक्त करताना सापडायचं नसतं. भगवंतराव सापडले होते, तेही विहिरीत वाकलेले असताना, मागून. चावा मांडीच्या मागच्या बाजूला का होता, ते आता कळलं. आणि धुऱ्याचं नाव कुणी न काढता त्यांनी का काढलं, तेही.

"ही वाहण दाखव ना सगळ्यांना," मी म्हणालो. "कुत्रा वाचला."

"आन् मंग?" तिने मान वर केली. "चोरावानी आले होते म्हनून साऱ्या सोयऱ्यायमंदी बोभाटा. थे तोंड दाखवतीन का कोनाले? माह्या बापाची सोयरीक मोडंल, थे मोडू दे. पन बुढ्या मानसाची इज्जत घेऊन मी कुत्रं वाचवू? आन् नाई दाखवली तर याले मारू?" मग जमादारच्या मानेत हात घालून ती रडत बसली, आणि मी, सरकारी नोकर, एवढी पुस्तकं वाचलेला, तिथे मोटेचा आवाज ऐकत उभा. मला काही सुचलं नाही, हे सरळ सांगतो. सुचलं ते तिलाच.

ठरलेल्या दिवशी भगवंतराव आले. रस्त्याने, फाटकातून, बहिणीच्या नवऱ्याला सोबत घेऊन. सुपाजीने बाज टाकली, पाणी दिलं. मी सर्वांदेखत जमादारला तपासलं आणि जाहीर केलं, की कुत्रा निरोगी आहे, पाहुण्यांना भीती नाही. भगवंतरावांनी मोठा श्वास सोडला. मग घसा खाकरला. आता गोळीची गोष्ट निघणार, हे सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात ओट्याच्या आडून मंजुळा बापाशी बोलली. पाहुण्याशी थेट बोलायची रीत नव्हती, पण आवाज पाहुण्याला ऐकू जाईल असा.

"बाबा, पाव्हन्यायले इचारा, सात विहिरी झाल्या का? नसंल झाल्या, तर एक आपलीबी पाहा म्हना. पानी निव्वळ हाये, तोंड चांगलं दिसते. मोट थांबवतो म्हना, पाहिजे तेवढा येळ पाहा."

भगवंतराव ओट्याकडे पाहत राहिले. मी तोंड उघडलं नाही. सात विहिरींच्या खुळाविरुद्ध बोलण्याची माझ्या नोकरीतली ती सर्वांत मोठी संधी होती आणि मी ती आनंदाने सोडली.

"पाहातो नं," ते म्हणाले. "पाह्यलीच पाह्यजे."

सुपाजी त्यांना घेऊन गेला. मोट थांबली. ते कठड्याशी वाकले आणि वाकूनच राहिले. तोंड पाहायला एवढा वेळ लागत नाही. खडा टाकून आवाज घेतला, काठाचा दगड बघितला, झरे कुठे आहेत ते बघितलं, किती परस पाणी आहे ते विचारलं. सुपाजीने सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. वर आले तेव्हा चेहरा मोकळा झाला होता.

मी तेवढ्यात जमादारचं दावं सोडलं. भगवंतराव ताठ झाले, काठी घट्ट धरली. जमादार त्यांच्याजवळ गेला, त्यांच्या वाहणा हुंगल्या, शेपूट हलवली आणि परत फाटकात जाऊन आडवा पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले. गोळीची गोष्ट कुणी काढली नाही.

परतताना सुपाजीने आम्हांला अमरावतीपर्यंत बैलांची दमणी दिली. मंजुळाने वांग्यांची टोपली पाहुण्यांच्या पायाशी ठेवली. वर शेवंतीची फुलं. अर्ध्या वाटेत चाक खड्ड्यात गेलं, टोपली कलंडली आणि भगवंतराव वांगी गोळा करायला वाकले. वांग्यांखाली केळीच्या पानात काहीतरी बांधलेलं होतं. त्यांनी पान उघडलं. उजव्या पायाची वाहण, तेल लावून पुसलेली.

बहिणीचा नवरा पुढे गाडीवानाशी गप्पा मारत होता. मग अगदी हळू आवाज आला.

"डॉक्टर, कोनापाशी होती हे?"

"मुलीपाशी."

"केव्हापासून?"

"पहिल्या सांजेपासून."

"म्हंजे मी कुत्र्याले मारा म्हनून बोंबलून राह्यलो होतो, तवाबी?"

"तेव्हाही."

"आन् थिनं बापाले सांगतलं?"

"माझ्या माहितीत नाही."

त्यांनी वाहण पुन्हा पानात गुंडाळली आणि उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. धूळ फार होती, असं म्हणता आलं असतं. ते तसं म्हणाले नाहीत. "सुपारी याच महिन्यात फोडतो," म्हणाले. "तुमी यावं लागते."

मी गेलो. पुढे मुलगी अंजनगावला गेली आणि माझी बदली पुन्हा अकोल्याला झाली. जमादार मळ्यातच म्हातारा होऊन मेला, ते मला सुपाजीकडून कळलं. वाईट वाटलं, पण त्याच्या वाट्याला त्याचं सगळं आयुष्य आलं, याचा आनंद जास्त वाटला.

बऱ्याच वर्षांनी बुळकांडीची लस टोचायला हिवरखेडकडून अंजनगावला गेलो होतो. भगवंतरावांनी मुक्कामाला ठेवून घेतलं. त्यांचं घर केळीच्या बागेला लागून, मागचं दार उघडलं की धुरा. तिन्हीसांजेला मी ओट्यावर बसलो होतो. समोर फाटकात एक उंच, राखाडी-काळा, झुपकेदार कानांचा कुत्रा पडलेला. जमादारच्याच वंशातला, हे सांगायला डॉक्टर नको होता. आत मंजुळा चुलीपाशी होती, लेकरांना रागावत होती.

म्हातारे बागेतून घरी येताना दिसले. गुडघे गेलेले, हातात काठी. मागचं दार त्यांच्यापासून वीस पावलांवर. पण ते तिथून वळले, बांध सोडला, बागेला पूर्ण वळसा घालून रस्त्याला लागले आणि धापा टाकत फाटकातून आत आले. कुत्र्याने वाहणा हुंगल्या, शेपूट हलवली.

"भगवंतराव," मी म्हणालो, "घर तुमचं, बाग तुमची. या वयात एवढा वळसा कशाला?"

ते बाजेवर बसले, गुडघा चोळला, आणि आत चुलीकडे एकदा पाहून घेतलं.

"कुत्रं सुनेनं शिकवलं हाये, डॉक्टर."